खारं हाय, लिवा

करावे गावात आमच्या परसात विहीर होती. घरधन्यांनी भावाला घेऊन खणलेली. खाडी हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोड. गावात लग्न लागलं की नवरीला पाणी पुजायला आमच्याच दारात आणायचे. मी पदर खोचून मधोमध उभी. तो मान मी कुणाला वाटून दिला नाही.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात रस्त्याची आखणी आली, ती नेमकी विहिरीवरून. मोजणीचे साहेब म्हणाले, पाणी गोड असेल तर विहीर राखू, नाहीतर बुजवू.

कागद इंग्रजीत. नात अक्षता नेरूळच्या इंग्रजी शाळेत चौथीला. तिने वाचला.

"आजी, इथं स्वीट लिवलंय. म्हंजे गोड. बाळ पन स्वीट, फुलाचा वास पन स्वीट, आवाज पन. कोन चांगलं वागलं का आमच्या बाई त्याला पन स्वीटच बोलतात."

"मंग आपलं गोड काय वायलं हाय? तुजा आजा मला 'जरा गोड बोल' सांगून सांगून गेला."

साहेब हसले. "आजी, आम्हाला फक्त पाण्याचं हवंय. चाखून सांगा, तेच लिहितो."

पुतण्या हिरामण कानाशी आला. "काकी, गोड सांग आन् मोकली हो."

मी घोट घेतला. "गोड हाय. आख्ख्या गावात असं पानी नाय."

साहेबांनी पेन उघडलं. मग माझ्या सुनेला, गोजराला, सहज विचारलं, "वहिनी, डाळ शिजते का या पाण्यात?"

पलीकडे खाडीत भराव पडला तेव्हापासून पाण्याला खार चढला होता. दोन वर्षं गोजरा डाळीपुरतं नळाचं पाणी आणत होती, कळशी पदराखाली झाकून. तशी माझीच ताकीद होती. आता ती जमिनीकडे बघत होती. ओठ हलले. माझ्यासाठी खोटं बोलणार होती, आणि अक्षता आईच्या तोंडाकडे टक लावून होती.

माझं खोटं मी पेललं असतं. ते लेकीदेखत तिच्या गळ्यात कशाला घालू?

"तिला काय विचारता? विहीर माजी हाय," मी म्हटलं. "नाय शिजत डाल. दोन वरसं झाली. खारं हाय, लिवा."

हिरामणने कपाळावर हात मारला. "काकी, घालवलीस विहीर!"

"माजी व्हती, मी घालवली. तू घरी जा, बायकोचं धुनं वालत घाल."

साहेबांनी अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली. ती मी सरकवली. दुसरीपर्यंत शिकले आहे मी. वेळ लागला, पण वेणूबाई लिहिलं.

"पुढे मालकांचं नाव," साहेब म्हणाले.

लग्नातल्या उखाण्यानंतर ते नाव मी तोंडाने घेतलं नव्हतं. गोजराने मान वर केली. मी पेन घट्ट धरलं. सिताराम. चारही अक्षरं सरळ आली.

आठव्या दिवशी मुरमाची गाडी आली. मी घरात बसले नाही. विहीर काठोकाठ भरेपर्यंत तिच्याजवळ उभी राहिले.