दंडाचे माप कुणी विचारले नाही

त्या दिवशी सकाळी मंजुषाबाईंनी नेहमीप्रमाणे मला गळ्यात घातले, शिलाई मशीनवरचे कापड बाजूला केले आणि अस्तर कापायला घेतले. कुणाच्या तरी साखरपुड्याचा ब्लाउज होता. परदेशीपुऱ्याच्या गल्लीत भाजीवाला ओरडत होता, स्वयंपाकघरात कुकर बोलत होता आणि त्यांची मुलगी यामिनी बँकेत निघण्याच्या गडबडीत होती. सगळे रोजच्यासारखे होते. मंजुषाबाई मात्र कात्री मध्येच ठेवून भिंतीला टेकल्या.

"चक्कर येतेय का आई?"

"थोडीशी. सकाळी उलटीपण झाली. वजनाच्या क्लबातला पीयूष म्हणाला, होतं असं. चरबी जळते ना, मग वीकनेस येतो. जरा माप घे गं, कमी झालंय का बघ."

यामिनीने मला त्यांच्या कमरेभोवती गुंडाळले. माप जरासे उतरले होते. मंजुषाबाईंचा चेहरा पास झालेल्या मुलीसारखा उजळला. मग त्या हळूच म्हणाल्या, "खरं सांग यामिनी, मी इतकी फार खात होते का गं?"

यामिनीने मला मशीनवर ठेवले. "आई, माझी बस जाईल," एवढे म्हणून ती निघाली.

तो या घरातला शेवटचा साधा दिवस होता.

मित्रांनो, मी एक जुनी इंचीटेप आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबताना तुम्ही माझ्यासारख्या पुष्कळ पाहिल्या असतील. माझा रंग एकेकाळी हळदीसारखा पिवळा होता आणि दोन्ही टोकांना पितळेच्या टोप्या होत्या. त्यांतली एक केव्हाच पडली. माझ्यासारख्या जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना सहसा हळव्या होतात. मला आज ते जमणार नाही. मला राग आला आहे.

मला पांडुरंगरावांनी आणले. ते मंजुषाबाईंचे पती, एका शाळेत क्लार्क. लग्नानंतर बायकोने पायमशीन मागितली, तेव्हा मशीनबरोबर कात्री, खडू आणि मी असे सगळे राजवाड्याजवळच्या दुकानातून आले. मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. छाती, कंबर, मुंढा, बाहीची लांबी, दंडाचा घेर. मंजुषाबाई माप घेताना पुटपुटत आणि कधी लिहून ठेवत नसत. गिऱ्हाइके म्हणत, "ताई का ब्लाउज यानी दूसरी बार देखना ही नहीं पड़ता." यामिनीच्या शाळेच्या गणवेशापासून तिच्या लग्नाच्या चोळीपर्यंत सगळे माझ्या अंगावरून गेले. यामिनी सासरी गेली ती दोन गल्ल्या सोडून, त्यामुळे बँकेच्या वाटेवर ती रोज इथे डोकावे.

एवढ्या वर्षांत मी इतक्या कमरा मोजल्या की एक गोष्ट मला कुणी न शिकवता कळली. बायकांची पाळी थांबायचे वय आले की कमरेचे माप वाढते. तेच घर, तेच ताट, तरी वाढते. शरीरातली रसायने बदलतात, त्यांना हार्मोन म्हणतात, आणि चरबी मांड्यांवरून पोटाकडे मुक्काम हलवते. झोप मोडली, काळजी वाढली, गोड आणि तळलेले जास्त झाले की ती तिथे आणखी घट्ट बसते. खाण्याचा त्यात वाटा असतोच. पण सगळा दोष ताटाचा नसतो. इतकी साधी गोष्ट आहे, तरी पोट दिसले की लोक आधी ताटाकडे बघतात.

मंजुषाबाईंचे तर याहून वेगळेच झाले. पायमशीन चालवून त्यांचे गुडघे गेले होते. एका गिऱ्हाइकाने सांवेरच्या पुढच्या एका गावातल्या वैद्याचे नाव सांगितले. पांडुरंगराव मोटरसायकलवर जाऊन तपकिरी भुकटीच्या पुड्या घेऊन आले. वर नाव नाही, चिठ्ठी नाही. वैद्य म्हणाला होता, "शुद्ध जड़ी-बूटी है, नुकसान का सवाल ही नहीं."

गुडघ्यांचे दुखणे खरेच थांबले. मंजुषाबाई जमिनीवर मांडी घालून हातशिलाई करू लागल्या. "अहो, गुडघे परत नवे झाले माझे," त्या म्हणाल्या. पांडुरंगराव दर महिन्याला सांवेरच्या वाटेला लागले. बायकोवर त्यांचा जीव होता, हे मी नाकारणार नाही.

मग मंजुषाबाईंचा चेहरा गोल झाला. शेजारणी म्हणाल्या, "मंजुषाताई, चेहरा भर गया, अच्छा लग रहा है." मग पोट पुढे आले. तेव्हा मात्र कुणाला छान वाटले नाही.

इथे माझे ऐका, कारण हे माझ्याशिवाय कुणी पाहिले नाही. त्या स्वतःचे ब्लाउज स्वतःच शिवत. दर वेळी त्या कमरेची शिवण उसवून सैल करत आणि बाहीची शिवण मात्र आत घेत. पोट वाढत होते आणि दंड बारीक होत होते. नुसत्या खाण्याने माणूस जाड होतो, तेव्हा दंडही भरतात. त्यांचे हातपाय काटकुळे होत होते. मशीनला हात लागला तरी निळा डाग उठे. पोटावर जांभळ्या रुंद रेघा उमटल्या होत्या. मी त्या रेघांवरून फिरले आहे. एकदा त्या बाही आत घेताना थांबल्या आणि स्वतःशीच हसल्या, "हे काय बाई, माझंच माप मला कळेना झालंय."

पोट मात्र सगळ्यांना दिसत होते. पाहुण्यांसमोर पांडुरंगराव म्हणत, "आमच्याकडे पोह्यांची परात हिच्यासाठी वेगळी लागते." सगळे हसत. मंजुषाबाईही हसत आणि बशीतले पोहे परत कढईत टाकत. आधी जिलबी सुटली, मग भात सुटला, मग जड पडते म्हणून वरणही सुटले. अंगातले बळ टिकवायला जे लागते, तेच त्यांनी ताटातून काढले.

गल्लीच्या तोंडाशी पीयूष नावाच्या माणसाने, इथल्या बोलीत पीयूष भियाने म्हणजे भैयाने, शटरच्या गाळ्यात वजन कमी करण्याचा क्लब काढला होता. तिथे पावडरचे शेक मिळत आणि दर रविवारी सगळ्यांदेखत कमरेचे माप घेतले जाई. कमी झाले की टाळ्या. मंजुषाबाईही तिथे जाऊ लागल्या.

"आंटीजी, टेप तो आपके गले में ही है. आ जाओ, शरमाना क्या," पीयूष म्हणाला. त्याने मला ओढून घेतले आणि माप मोठ्याने वाचले. ते वाढलेले होते. "क्या आंटीजी, छुप-छुप के सेव-परमल चल रहा है?"

शेव-मुरमुऱ्यांचे नाव निघताच बायका खो-खो हसल्या. "नाही हो भिया, खरंच नाही," मंजुषाबाई म्हणाल्या. त्यांनी शपथ घेतली असती तरी कुणी ऐकले नसते.

कापडाची सेवा करणाऱ्या मला त्या माणसाने चाबूक केले. आणि त्याने फक्त कंबर मोजली. दंड मोजायचे त्याला सुचले नाही, कारण दंड मोजून शेक विकला जात नाही.

तोच पुढे म्हणाला, "जितनी दवाई-पुड़िया चल रही है, सब आज से बंद. बॉडी को साफ होने दो. दो टाइम शेक, बस."

मंजुषाबाईंनी त्याच दिवशी पुड्या बंद केल्या. आधी अंग दुखू लागले, मग भूक मेली, मग उलट्या सुरू झाल्या. पीयूष म्हणाला, "डिटॉक्स हो रहा है आंटीजी, अच्छा साइन है."

त्या साध्या दिवसानंतरच्या सकाळी त्या मशीनपाशीच कोसळल्या. मी गळ्यात होते, म्हणून मीही दवाखान्यात गेले. नर्सने मला काढून यामिनीच्या हातात दिले.

डॉक्टरीणबाईंनी पोटावरच्या रेघा पाहिल्या, निळे डाग पाहिले आणि मंजुषाबाईंचा दंड आपल्या बोटांच्या कडीत धरला. "हाथ इतने पतले कब से हैं?"

पांडुरंगरावांनी यामिनीकडे पाहिले. यामिनीने त्यांच्याकडे. उत्तर एकट्या मला ठाऊक होते, आणि देवाने मला आकडे दिले, तोंड दिले नाही.

"कोई पुड़िया ले रही थीं?"

"गुडघ्यांची," यामिनी म्हणाली. "बंद केली. एकदम."

डॉक्टरीणबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग त्यांनी जे समजावले ते मी तुम्हाला सोप्या शब्दांत सांगते. असल्या बिननावाच्या भुकटीत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेले असते. कॉर्टिसॉल नावाचे जे हार्मोन आपल्या मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी बनवतात, त्याचाच तो भाऊ. तो बाहेरून रोज येऊ लागला की भूक आणि पोट वाढते, हातपाय वाळतात आणि त्या ग्रंथी झोपी जातात. मग पुडी अचानक थांबली तर शरीराजवळ ना बाहेरचे उरते ना आतले. म्हणून ते थांबवायचे झाले तर डॉक्टरांच्या नजरेखाली, हळूहळू. मंजुषाबाईंच्या रक्तात ते हार्मोन जवळजवळ उरलेच नव्हते. त्यांना सुया टोचल्या, सलाइन चढवले. फार उशीर झाला होता. त्या घरी आल्या नाहीत.

पांडुरंगराव नंतर सांवेरकडे गेले. वैद्य म्हणाला, "हमने बंद करने को कब कहा?" पीयूष म्हणतो, पुड्या त्याने दिल्या नव्हत्या. दोघांची दुकाने आजही चालू आहेत. मी खिळ्यावर लटकले आणि माझ्या अंगावर धूळ बसू लागली.

मित्रांनो, त्या धुळीसाठी हळहळू नका. तुमच्या घरात कुणाचे पोट वाढले तर हसण्याआधी त्यांचे हात पाहा, चेहरा पाहा, झोप लागते का ते विचारा. कुठली नाव नसलेली पुडी चालू आहे का ते विचारा. आणि त्यांना डॉक्टरकडे न्या, रविवारच्या टाळ्यांकडे नको.

तेराव्याला घर भरले होते. पीयूषही आला. हात जोडून पांडुरंगरावांना म्हणाला, "आंटीजी दिल की बहुत अच्छी थीं. बस, मुँह पर कंट्रोल नहीं था." दोन-तीन माना हलल्या.

यामिनी उठली. तिने मला खिळ्यावरून काढले, कपाटातून आईचा शेवटचा ब्लाउज काढला आणि तो पीयूषसमोर सतरंजीवर पसरला.

"भिया, माप घेता येतं ना तुम्हाला? या बाहीचं घ्या."

"दीदी, ये अभी..."

"घ्या. मोठ्याने वाचा."

त्याने मला बाहीवर ठेवले, दुप्पट करून घेर मोजला आणि आकडा पुटपुटला. "ये तो किसी बच्ची का है."

"माझ्या आईचं आहे," यामिनी म्हणाली.

पांडुरंगरावांनी हात पुढे करून ती बाही मुठीत धरली आणि त्यांचे खांदे हलू लागले. यामिनीने मला उचलून स्वतःच्या गळ्यात घातले आणि ती मशीनपाशी गेली. साखरपुड्याचे अस्तर अजून तिथेच अर्धे कापलेले होते. तिने त्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"नाही आई. तू फार खात नव्हतीस."