चारी कोपरे चांगले

अम्मानजवळच्या झरका शहरात, जुन्या गाड्यांच्या बाजारात, दलाल आता हज करून आलेल्या हाजा रस्मिय्याला लांबूनच ओळखायला लागले होते. तिचा काळा झगा फाटकातून आत आला की एकमेकांना कोपराने ढोसायचे. "आली रे, परीक्षा घेणारी आली!" हाजाला अक्षरं कशीबशी लावता यायची. पण विकणाऱ्याचं तोंड तिला धडाधड वाचता येई, आणि तिच्या मते जगात वाचण्यासारखं तेवढंच होतं.

"घ्या हाजा, डोळे मिटून घ्या. डॉक्टरीणबाईंची गाडी. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर, बस."

हाजाने दार उघडून खाली वाकून पाहिलं. "मग पायाखालचं ब्रेकचं रबर एवढं झिजलं कसं रे? दवाखाना काय बगदादला होता?"

"हाजा..."

"आणि सगळ्या गाड्या डॉक्टरणींच्याच कशा? या देशात खाटीक गाड्या विकत नाहीत? लोहार विकत नाहीत?"

दलाल हसले, पण गाडी नापास झाली. तिच्यामागे उभा असलेला तिचा थोरला शफीक तेवढा हसला नाही. चाळिशी उलटलेला माणूस, पण आईमागे हात बांधून उभा. फरशीचा कारखाना बंद पडल्यापासून तो असाच कुठेही, कुणाच्याही मागे हात बांधून उभा राहायचा.

कारखाना बंद पडला आणि चार महिन्यांनी सुनेचे वडील तफीलाहून येऊन इब्तिहालला आणि दोन्ही नातींना घेऊन गेले. भांडण नाही, तंटा नाही. चहा पिऊन म्हणाले, "पोर मी तुमच्या घरात दिली ती उपाशी ठेवायला नाही. शफीक ज्या दिवशी कमावता होईल, त्या दिवशी येऊन घेऊन जा. मी दारात अडवणार नाही." हाजाच्या जिभेवर दहा उत्तरं होती. पण म्हातारा खरं बोलत होता, म्हणून ती जास्तच चडफडली. तेव्हापासून घरात दोन ताटं मांडायची. एवढ्या मोठ्या घरात दोन ताटं.

आता एकच वाट उरली होती. मोबाइलवरून बोलावतात ती टॅक्सी चालवायची. त्या कंपनीला गाडी फार जुनी चालत नव्हती, आणि पेट्रोलचे भाव असे की साध्या गाडीने दिवसभर राबून संध्याकाळी पंपवाल्याचंच घर भरायचं. म्हणजे हायब्रीडच हवी, थोडी पेट्रोलवर, थोडी बॅटरीवर. आणि हायब्रीडची बॅटरी मेलेली निघाली तर मग बसा तिला धुऊन पुसून अंगणात ठेवून. हाजाने बांगड्या मोडल्या होत्या. त्या एकदाच मोडता येतात. चूक झाली असती तर दुसरी खेप नव्हती, आणि नाती तफीलालाच मोठ्या झाल्या असत्या.

अशात मफ्रकच्या अलीकडच्या एका गावात एक गाडी असल्याचं कळलं. एकाच हातची, सुईण म्हणून काम करणाऱ्या मुलीची. दोघं जाऊन गाडी तपासणी केंद्रावर घेऊन गेले. तिथला माणूस कंजूष तोंडाचा, चांगलं म्हणायला पैसे पडतात असा. त्याने गाडी वर उचलली, खालून ठोकली, बॅटरीला यंत्र लावलं आणि कागद शफीकच्या हातात दिला.

"चारी कोपरे चांगले," तो म्हणाला.

शफीकचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला. सांगाड्याचे चारी कोपरे चांगले म्हणजे गाडी कधी कशावर आदळलेली नाही, वाकलेली नाही, ठोकून सरळ केलेली नाही. झरकात माणसं सोयरीक जुळवताना नवऱ्या मुलाचं इतकं पाहत नाहीत.

"आणि बॅटरी?" हाजाने विचारलं.

"तुमच्या माझ्यापेक्षा जास्त जगेल. घ्या हाजा, उद्यावर टाकू नका."

परत गावात आले तेव्हा शफीक गल्लीतून मुद्दाम हळू चालवत होता. "ऐक आई. ऐकू येतंय काही?"

"काही नाही."

"तेच तर! हळू चालली की इंजिन बंद. एक थेंब जळत नाही."

"मग आयुष्यभर हळूच चालव," हाजा म्हणाली. खरं तर तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

सौद्याला बसला तो मुलीचा बाप, हाजी मुतलक. उंच, वाळका, दाढी न केलेला. त्याने दोघांना बैठकीत गादीवर बसवलं आणि स्वतः किटली घेऊन कॉफी ओतली. किंमत सांगितली ती वाजवीच होती, पण बांगड्यांच्या आवाक्याबाहेरची. शफीकची मान खाली गेली. हाजाने कॉफीचा पेला हातात घेतला, ओठापाशी नेला, आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

"हाजी, माझं एक मागणं आहे. ते पुरं होईपर्यंत तुमच्या घरची कॉफी मी पिणार नाही."

शफीकने दचकून तिच्याकडे पाहिलं. "आई! अगं, हे मुलीला मागणी घालताना करतात. हातून कुणाचा जीव गेला तर रक्ताची माफी मागताना करतात. गाडीच्या भावाला कुणी पेला ठेवतं?"

"मी ठेवते," हाजा म्हणाली. पाहुण्याचा पेला भरलेला राहिला तर यजमानाची अब्रू जाते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लोकलाजेला हात घातला की मोठमोठे वाकतात. आता तो हसेल, कपाळावर हात मारेल, थोडी घासाघीस होईल आणि शेवटी मधे कुठेतरी जमेल, असा तिचा हिशेब.

पण हाजी मुतलक हसला नाही. त्याच्या तोंडावरचं रक्त उतरलं. किटलीतली कॉफी त्याच्याच पायावर सांडली. "उचला," तो म्हणाला. "उचला तो. जे मागाल ते दिलं."

"अहो, मला आकडा तरी सांगू द्या..."

"दिलं म्हटलं ना, बाई! आधी तो पेला जमिनीवरून उचला."

हाजाने उचलला, प्यायली आणि आकडा सांगितला. त्याने ऐकलाही नसेल. नुसती मान हलवून तो उठून आत गेला. शफीक आईकडे असा बघत होता की जणू तिने डोंगर हलवला. मग तो गाडीला पुन्हा एकदा हात लावायला बाहेर पळाला.

हाजा चपला घालत होती तेवढ्यात आतून हाजी मुतलकच्या बायको आल्या. फिद्दा नाव. ठेंगणी, डोळ्यांखाली काळं. त्यांनी हाजाचं मनगट धरलं.

"तुम्ही मुद्दाम नाही केलंत, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही ठेवलात ना, तस्साच पेला गेल्या वर्षी यांनी ठेवला होता. दुसऱ्याच्या मांडवात. सगळं गाव मागे उभं होतं."

"कशासाठी?"

"रक्ताच्या माफीसाठी."

हाजा तिथेच पायरीवर बसली. फिद्दाबाई उभ्यानेच सांगत राहिल्या, घाई असल्यासारख्या. मुलगी हनादी एका बाळंतिणीची सुटका करून येत होती. दुपारची वेळ. खालच्या गल्लीत वळणावर एक पोर रस्त्यावर उकिडवी बसून खडूने घरं आखत होती, पाठ करून. हनादी जोरात नव्हती. माणूस चालतं तेवढीच.

"तेवढ्या हळू हिचा आवाजच येत नाही हो. दुसरा कुठला खटारा असता तर पोर उठून पळाली असती."

"पण कागदावर..." हाजाच्या तोंडून निघून गेलं, "चारी कोपरे चांगले आहेत."

फिद्दाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. "सहा वर्षांची पोर, हाजा. ती लोखंडावर काय खूण ठेवणार?"

गल्लीत शफीक कुणाला तरी फोनवर सांगत होता, "नशीब उघडलं, नशीब!"

"त्या पोरीच्या बापाने पेला उचलून यांच्या हातात दिला," फिद्दाबाई म्हणाल्या. "म्हणाला, प्या, सोडलं. एक पैसा घेतला नाही. शिव्या दिल्या असत्या तरी आम्ही जगलो असतो. तो कॉफी पाजून मोकळा झाला. तेव्हापासून हे घरात कुणाला पेला खाली ठेवू देत नाहीत."

हाजा आयुष्यात कधी ठरलेला सौदा मोडायला गेली नव्हती. आज उठून आत गेली. हाजी मुतलक भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"हाजी, मी मागणं मागे घेते. मला ठाऊक नव्हतं. तुमची किंमत ती तुमची किंमत. जमलं तर घेऊ, नाही तर राहिलं."

"प्यायलेली कॉफी किटलीत परत जाते का?" तो वळला नाही. "त्या माणसाने माझ्याकडून काही घेतलं नाही. वर्ष झालं, मी देणं घेऊन बसलोय आणि घेणारा नाही. तुम्ही मागितलंत, मी दिलं. आता परत करून मला दुसऱ्यांदा हलकं करू नका."

दुसऱ्याच्या लाजेला हात घालून हाजाने जे ओढून घेतलं होतं, ते आता टाकताही येईना.

घरी येताना शफीक सगळी वाट बोलत होता. काय कमावेल, तफीलाला कधी जायचं, धाकटी पुढे बसायचा हट्ट करेल. हाजा एकदाच बोलली. "वळणावर भोंगा वाजव."

"रस्ता रिकामा आहे, आई!"

"वाजव म्हणते ना."

तिने मनाशी ठरवलं की सांगायचं नाही. शफीक मेणाचा. कळलं तर गाडी सोडेल, आणि गाडी सोडली की नातीही सुटल्या. जगात किती गोष्टी माणसं गिळून बसतात. तिनेही कमी गिळल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी वाहन कचेरीत गाडी नावावर करायला हनादी स्वतः आली. तिशीची असेल, पण चालणं म्हातारीचं. सही केली. कारकून म्हणाला, "मुबारक हो!" शफीक शिक्का मारून घ्यायला दुसऱ्या खिडकीवर गेला तशी हनादी हाजाच्या शेजारी बाकावर टेकली.

"अम्मांनी सांगितलं तुम्हाला?"

"सांगितलं."

"आणि तुमच्या मुलाला?"

हाजाने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "पोरी, तो दोन लेकरांचा बाप आहे. त्याला या गाडीशिवाय..."

"मला कुणी सांगितलं नव्हतं," हनादी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, बाळंतिणीला सूचना देतात तसा. "ती हळू असताना कुणाला ऐकू येत नाही, हे मला माहीत नव्हतं. मी तर त्याचंच कौतुक सांगत फिरायचे. ब्रेक चांगले आहेत, हाजा. सगळं चांगलं आहे. त्याला सांगा."

ती गेली. शफीक कागद नाचवत आला आणि हाजाने तिथेच कचेरीच्या आवारात, लोकांच्या गर्दीत त्याला सांगून टाकलं. जसं कळलं तसं. पेला ठेवला तेव्हा हाजीच्या हातून कॉफी का सांडली, तेही.

शफीक बराच वेळ कागदाची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "नाव काय होतं तिचं?"

"विचारलं नाही रे."

तो फाटकाकडे धावत गेला. हनादी बसची वाट पाहत उभी होती. दोघं काहीतरी बोलले. परत आला तेव्हा त्याने आईला नाव सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

"आता काय करू, आई?"

शेजारणीच्या सुनेने भातात मीठ किती घालावं इथपासून राजाने कुणाला मंत्री करावं इथपर्यंत हाजा रस्मिय्याचं मत तयार असे. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. शफीकने मग खिशातून किल्ली काढली आणि गाडीकडे गेला.

पहिले पैसे हातात आले तसे दोघं तफीलाला गेले. सुनेच्या वडिलांनी शब्द राखला. जेवायला घातलं, ऑलिव्हची बरणी बांधून दिली, पोरींच्या पिशव्या दारात आणून ठेवल्या. म्हातारे गाडीभोवती फिरून म्हणाले, "गाडी झकास घेतलीस, जावई! हिची काही कटकट?"

हाजाने डोळ्यांनी खुणावलं, पण शफीक तिच्याकडे बघतच नव्हता. तो इब्तिहालकडे बघत होता. "तुला एक सांगायचंय," म्हणाला, आणि तिला अंजिराच्या झाडाखाली घेऊन गेला. हाजाला इथून फक्त सुनेची पाठ दिसत होती. ती एकदा खाली बसली. मग उठली, तोंड धुतलं आणि आली.

"मी येते," ती म्हणाली. "सासूबाई, मी यायचं म्हणून कधीची पिशव्या भरून बसलेय. पण माझ्या पोरी या गाडीत बसणार नाहीत."

'मग काय उंटावरून नेऊ का त्यांना?' हे हाजाच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिने ते गिळलं.

"नको बसू देत," ती म्हणाली. "आज नको."

"कधीच नको."

शफीक म्हणाला, "अम्मानची बस सुटायला वेळ आहे. मी स्टँडपर्यंत पिशव्या नेतो."

पोरी आईबरोबर चालत गेल्या. धाकटीने खूप रडून घेतलं, तिला अब्बांच्या नव्या गाडीतच बसायचं होतं, आणि का नाही ते कुणी सांगेना. शेवटी तिला बसमधली सगळ्यात मागची सीट दिली, म्हणजे अब्बा दिसतील.

वाळवंटातल्या महामार्गावर बस पुढे आणि तिच्यामागे शफीकची गाडी. बस थांबली की तोही थांबे. मागच्या काचेत धाकटीचं तोंड चिकटलेलं असायचं. ती हात हलवायची, जीभ दाखवायची, काचेवर वाफ सोडून बोटाने काहीतरी काढायची. शफीकच्या शेजारी हाजा, आणि मागच्या सीटवर फक्त ऑलिव्हची बरणी. पेट्रोलचा काटा जेमतेम हलला होता. धाकटी काय काढते ते नीट दिसावं म्हणून शफीक नकळत पुढे सरकत गेला.

"एवढ्या जवळ नको," हाजा म्हणाली. "अंतर ठेव."

शफीकने पाय सैल केला. बस हळूहळू लहान होत गेली.