सेनापती गप्प उभे राहतात

नाटकाचं कौतुक ऐकून ऐकून चिमणीच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. चाळिशी ओलांडलेल्या, चष्मा लावणाऱ्या बाईला आपणहून चिमणी कोण म्हणेल? पण विंगेत उभं राहून नटांना विसरलेली वाक्यं हळूच सुचवायची हे तिचं काम, म्हणून मंडळींनी ते नाव चिकटवलं. नाटक जुन्या काळातल्या लढाईचं, पडणाऱ्या किल्ल्याचं. आणि त्यातले सेनापती म्हणजे तिचे सख्खे वडील.

पहिल्या प्रयोगात झालं होतं ते असं. दूत येऊन सांगतो की सेनापतींचा मुलगा लढाईत पडला. त्यावर बाबांचं लांबलचक भाषण होतं. पण बाबा नुसते उभे! चिमणीने पहिला शब्द सुचवला. मग अख्खं वाक्य सुचवलं. मग इतका आवाज चढवला की पहिल्या रांगेतल्या एका बाईने वळून पाहिलं. शेवटी जमिनीवर मरून पडलेल्या शिपायांनीसुद्धा पडल्या पडल्या ते वाक्य पुटपुटून पाहिलं. बाबा ढिम्म. त्यांनी एकदा डोळे मिटले, उघडले, आणि सगळं भाषण गिळून ते चालते झाले.

आणि लोक हमसून हमसून रडले, आता बोला!

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं, ‘सेनापतींची ती शांतता काळीज चिरून गेली. बाकीचा नटसंचही तोडीस तोड. मृत सैनिकांच्या ओठांवरदेखील प्रार्थना थरथरत होती.’ प्रार्थना कसली डोंबलाची! आत्याने फोन करून अर्धा तास भावाचे गोडवे गायले. दिग्दर्शकाने तर ते भाषण नाटकातून कायमचं काढूनच टाकलं. चिमणीला मात्र एकच गोष्ट दिसत होती. बाबांना ऐकू येत नव्हतं.

घरी दाराची बेल वाजवून वाजवून पोस्टमन परत जायचा. टीव्हीवरच्या बातम्या शेजाऱ्यांना फुकटात ऐकायला मिळायच्या. समोर उभं राहून बोललं की बाबा ओठ बघून वेळ मारून न्यायचे. पाठ फिरली की संपलं. तिने कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की ते पेपरातलं कात्रण तिच्या नाकासमोर धरायचे.

“बहिऱ्या माणसाला जमतो का गं असा अभिनय?”

“अभिनय कसला बाबा? तुम्ही वाक्य विसरला होता!”

“ते मला माहीत आहे. लोकांना कुठे माहीत आहे?”

“डॉक्टर सकाळी दहाला येतो. नुसतं जाऊन तर येऊ.”

“तुझं आपलं काहीतरीच. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.”

हेही तिने सोसलं असतं. पण पुढच्या प्रयोगाला मोठं नाट्यगृह मिळालं आणि दिग्दर्शकाला किल्ल्याचा पडता दरवाजा करून घ्यायची हौस आली. खरा लाकडाचा, चार माणसांनी उचलावा असा. शेवटच्या प्रवेशात सेनापती त्या दरवाजाखाली प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहणार. मागे पडद्याआड सुतार फळीवर दोन ठोके देणार. दुसऱ्या ठोक्याला सेनापतींनी दोन पावलं पुढे यायचं, आणि लगेच दोर सुटून पाठीमागे दरवाजा कोसळायचा. या मंडळींचे सगळे इशारे वर्षानुवर्षं ठोक्यांवरच चालत. तालमीत पडदा नव्हता आणि सुतार समोरच बसून ठोकायचा; बाबा ठोके ऐकतच नव्हते, त्याच्या हाताकडे बघत होते, हे चिमणीशिवाय कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही.

ती दिग्दर्शकाकडे गेली. “त्यांना ऐकू येत नाही. ठोके नकोत, समोरून दिसेल असा दिवा लावा.”

“अहो चिमणीताई, त्या माणसाच्या टायमिंगला तोड नाही! एवढ्या मोठ्या नटाला दिवा दाखवायचा?”

“टायमिंग गेलं खड्ड्यात. दरवाजा डोक्यात पडेल त्यांच्या!”

“मुलगी आहात तुम्ही, काळजी वाटणारच,” असं म्हणून तो कोणाला तरी ते कात्रण दाखवायला निघून गेला.

सुतार तेवढा समजूतदार निघाला. म्हणाला, “मी आपला जरा जोरात ठोकीन.” चिमणीला भिंतीवर कपाळ आपटून घ्यावंसं वाटलं.

प्रयोगाच्या दिवशी शेवटच्या प्रवेशाला ती विंगेच्या अगदी कडेला येऊन उभी राहिली. पहिला ठोका पडला. मग दुसरा. बाबा छाती काढून, नजर दूर लावून, गप्प उभे. असे सुंदर उभे की काही विचारू नका. वर दोर करकरला.

चिमणी धावली. अंगात स्वेटर, पायात रबरी चपला, बगलेत नाटकाची प्रत, अशी ती थेट रणांगणात घुसली. सेनापतींचा कमरपट्टा दोन्ही हातांनी धरून तिने त्यांना खेचलं आणि दोघं एकमेकांवर कोसळली. मागे दरवाजा असा आदळला की शिपाई मेलेले असूनही दचकले. कोणीतरी घाईघाईने पडदा पाडला. पडद्यापलीकडे टाळ्यांचा जो कडकडाट सुरू झाला तो थांबेना.

रंगपटात दिग्दर्शक दोन्ही हात पसरून आला. “काय सुचलं हो तुम्हाला! आजच्या काळातली बाई, हातात पुस्तक, आणि ती इतिहासाला मरणाच्या दारातून ओढून काढते! हे आता दर प्रयोगाला ठेवायचं. फक्त चपला बदला.”

दूत म्हणाला अप्रतिम, शिपाई म्हणाले लाजवाब. या सगळ्यांना ओळीने उभं करून फैलावर घ्यायचं म्हणून चिमणीने तोंड उघडलं, तेवढ्यात आरशासमोरून बाबांचा आवाज आला. त्यांनी टोप काढून ठेवला होता. कोपर खरचटलं होतं, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

“पंखा बंद करायला सांगायचं होतंस गं,” ते म्हणाले. “शेवटी नुसतं घुमत होतं कानात.” मग पडेल आवाजात म्हणाले, “मी पडलो म्हणून असेल. एक टाळी पडली नाही आज.”

दिग्दर्शकाचे पसरलेले हात तसेच राहिले. चिमणीचा राग कुठल्या कुठे गेला आणि तिला एकदम रडू आलं. ते तिने आवरलं, स्टूल ओढलं आणि बाबांना आपलं तोंड दिसेल अशी समोर बसली.

“पंखा नव्हता तो, बाबा.”

“काय?”

“टाळ्या होत्या त्या. टाळ्या.”

बाबा तिच्या ओठांकडे बघत राहिले. मग त्यांनी आरशातून मागच्या मंडळींकडे पाहिलं. एकालाही काही कौतुक सुचेना. त्यांनी टॉवेल घेऊन एका गालावरचा रंग पुसला, तो खाली ठेवला, आणि विचारलं,

“दहाला येतो म्हणालीस ना, तो डॉक्टर?”