पहिल्या आकड्याचा वारा

अरविंदरावांच्या गाडीतला एसीचा पंखा एक, दोन आणि तीनवर ढिम्म हलत नसे आणि चारवर असा सुटे, की पुढे ठेवलेली टोलची पावती मागच्या काचेला जाऊन चिकटे. दुसऱ्या कुणाला ही अडचण वाटलीही नसती. सुरतेत मे महिन्यात चारच्या खाली उतरतंय कोण? पण त्यांच्या पत्नीच्या, उज्ज्वलाताईंच्या, उजव्या गालात नसेचं दुखणं होतं. नुसता वारा लागला तरी कानापासून हनुवटीपर्यंत विजेसारखी कळ जायची. पदराचा स्पर्श चालत नसे, बोलणं चालत नसे, कधीकधी घोटभर पाणीही नको व्हायचं. डॉक्टरांनी गोळ्या दोनदा वाढवून पाहिल्या होत्या.

आणि उज्ज्वलाताईंना नंदुरबारला जायचं होतं. त्यांची थोरली बहीण सुभद्राबाई अंथरुणाला खिळली होती, तिचं अन्न सुटलं होतं. भाचा विकास रोज फोन करायचा, "मावशी, आई तुझंच नाव घेते. लवकर ये." रेल्वेत खिडकीचा वारा, एसी डब्यात डोक्यावरचा झोत, एसटीचं तर नावच नको. गाडीच्या काचा बंद, पंखा एकवर, झोत पायांकडे, एवढी एकच वाट उरली होती. नेमका तोच आकडा मेला होता.

अरविंदराव जिल्हा कचेरीतून निवृत्त झालेले. जन्मभर फायली हलवणाऱ्या माणसाला म्हातारपणी पान्यांची हौस सुटते, आणि ती घरच्यांना भोवते. त्यांनी मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहिले, फ्यूज बदलला, पंख्याचं बटण उचकटून पुन्हा बसवलं. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! पंखा होता तसाच राहिला, वर बटणातला दिवा लागेनासा झाला.

"अहो, दत्तूकडे न्या," उज्ज्वलाताई ओठ जेमतेम हलवत म्हणाल्या.

दत्तूचं गॅरेज बमरोलीत, लूमच्या शेडला लागून. माणूस शिंदखेड्याचा, सुरतेत वीस वर्षं काढलेला. त्याने बटण एकदा एक ते चार फिरवलं आणि मान डोलावली.

"काका, मोटर मस्त शे. ती गेली राहती, त चारवर बी नाही फिरती. चारला करंट डायरेक्ट जातो. खालच्या तिघांना मधल्या रेझिस्टरमधून जावं लागतं, तो करंट कमी करतो. तोच जळेल शे."

"म्हणजे फ्यूज गेला नव्हता?"

"फ्यूज गेला राहता त सगळंच बंद. तुम्ही फुकट मेहनत केली."

डाव्या बाजूचा कप्पा काढून त्याने तो तळहाताएवढा पार्ट बाहेर ओढला. त्याची तार काळी पडून तुटली होती. अरविंदरावांना वाटलं, झालं काम. पण दत्तू मोटरही उतरवायला बसला. का जळलं ते पाहिल्याशिवाय नवा टाकला, तर तोही जळेल, म्हणाला. मोटर खाली आली तेव्हा तिच्या पंख्यात वाळलेल्या पानांचा गच्च गोळा बसला होता. आपट्याची पानं, आणि त्यांत झेंडूच्या पाकळ्या.

दर दसऱ्याला अरविंदराव गाडीची यथासांग पूजा करत आणि काचेखालच्या जाळीवर सोन्याची जुडी ठेवत. देवाचं आहे म्हणून ती कधी काढत नसत. आपोआप जातं, असं त्यांचं ठाम मत होतं. जात होतंच, फक्त आत जात होतं.

"सात-आठ दसरे निघाले, काका," दत्तू म्हणाला. "पंखा अडकला, मोटर जड फिरली, जास्त करंट ओढला, रेझिस्टर गेला."

एरवी अरविंदराव यावर वाद घालत बसले असते. पण उज्ज्वलाला तीन आठवडे आपणच घरात अडवून ठेवलं, हे त्यांच्या जिवाला फार लागलं. "आज होईल ना?" त्यांनी विचारलं, डॉक्टरला विचारावं तसं.

संध्याकाळी झालं. त्यांनी पंखा एकवर टाकला आणि स्वतःचा उजवा गाल झोतापाशी नेला. वारा जेमतेम जाणवत होता. दत्तूसमोर त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते निघाले. कडोदऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. बार्डोली मागे पडली आणि पहिली कळ उठून उज्ज्वलाताईंचा हात वर आला. अरविंदरावांनी समोरच्या जाळ्या बंद केल्या. पायांकडचा वारा फिरून वर आला आणि दुसरी कळ उठली. त्यांनी पंखाच बंद केला. पाच मिनिटांत गाडी तापली, कपाळावरून घामाचा ओघळ गालावर उतरला, आणि त्या ओघळानेही कळ उठली. पंखा लावावा तर वारा, न लावावा तर घाम. गाडी दुरुस्त होती, चारही आकडे चालत होते, आणि अरविंदरावांकडे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

त्यांनी रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली गाडी थांबवली. "परत फिरू या?" त्यांनी विचारलं. उज्ज्वलाताईंनी बोटाने पुढे दाखवलं. तेवढ्यानेही त्यांचे डोळे मिटले. शेवटी त्यांनीच तो पुढे दाखवणारा हात मांडीवर ठेवला.

विकासचा फोन आला. "काका, कुठपर्यंत आलात? आईला उठवून बसवलंय. दाराकडे डोळे लावून बसलीय. थांबा, तिला देतो." त्यांची काळजी वाढायला नको म्हणून सुभद्राबाईंना उज्ज्वलाताईंच्या दुखण्याचं कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

अरविंदराव थाप मारणार होते, सोनगड आलं म्हणून. पण उज्ज्वलाताईंनी फोन घेतला आणि डाव्या कानाला लावला.

"अक्का, मला नाही गं येता येत."

तेवढ्या शब्दांनी कळ अशी उठली, की फोन मांडीवर पडला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायला अरविंदरावांनी हात उचलला, आणि लावायचा कुठे ते न कळून तसाच खाली घेतला.

फोनमधून सुभद्राबाईंचा थकलेला आवाज येत होता. "उजू? अगं, बोल ना. रागावलीस का माझ्यावर?"