मी तिरपाच बरा!

मी एक जुना तिरपा टाईप आहे. मित्रांनो, टाईप म्हणजे छापखान्यात जुळवायची शिशाची अक्षरे; त्यातल्या एकेका अक्षराला खिळा म्हणतात. माझे सगळे खिळे जन्मापासून पुढे झुकलेले आहेत आणि त्याचा मला मुळीच संकोच नाही.

मला ताईने घडवले. ती छापखान्याच्या मालकांची थोरली बहीण. पोलादाच्या तुकड्यावर ती एकेक अक्षर उलटे कोरायची, दिव्याच्या काजळीत धरायची आणि कागदावर दाबून बघायची. मनासारखे उमटले की त्याचा साचा करून त्यात शिसे ओतायची. जाड रेघ कुठे बारीक व्हावी, तिच्या टोकाचा इवलासा पाय किती वळावा, यापायी तिने डोळ्यांची पार वाट लावून घेतली. माझ्या शेपट्या तर थेट शेजारच्या अक्षराच्या घरात डोकावतात. मी देखणा आहे, हे मीच सांगतो. दुसरे कोण सांगणार?

सुरुवातीला माझे फार लाड झाले. पुस्तकांची नावे, अर्पणपत्रिका, वाक्यातला एखादा ठसक्यात म्हणायचा शब्द, सारे माझ्याकडे यायचे. मग जिथे तिथे सरळ टाईप हवा झाला. माझ्या खणात धूळ साचली. एके दिवशी मालक म्हणाले, "ताई, हे वाकडं शिसं उगाच अडकून पडलंय. या आठवड्यात वितळवून टाकतो."

"तुझी मर्जी," ताई म्हणाली, पण खण तिने जरा जोरातच लावला. तिची सारी उमेद माझ्यात होती. मला फार वाईट वाटले.

तेव्हा छापखान्यात एक नाटक जुळवले जात होते आणि नाटकमंडळी वरच्याच मजल्यावर तालीम करत. कच्चे छापलेले कागद त्यांच्या हाती गेले. कंसांचे खिळे झिजलेले, ते उमटलेच नव्हते. काकांचे काम करणारे जाडजूड नट भरल्या गळ्याने वाचू लागले, "पोरी, मला एकटं टाकून जाऊ नकोस खुर्चीवरून कोसळतो."

हसता हसता सगळ्यांची पुरेवाट झाली. दिग्दर्शक बाई मात्र तावातावाने खाली आल्या. "यातलं बोलायचं काय आणि करायचं काय, कळायचं कसं?"

ताई उठली. "करायचं ते सगळं तिरप्यात घेऊया."

मालकांनी कपाळाला हात लावला, पण माझा खण उघडला गेला! नवे कागद घेऊन मालक स्वतः वर गेले. कागदावर मी होतोच.

"पोरी, मला एकटं टाकून जाऊ नकोस," काका म्हणाले. त्यांची नजर माझ्यावर आली. ते गप्प झाले आणि धाडकन खुर्चीवरून कोसळले.

मालक घाबरून धावले. "अहो, पाणी आणा कोणीतरी! काका, लागलं का?"

काकांनी एक डोळा उघडला. "लिहिलंय तसं केलं, मालक."

मालक आधी ओशाळले, मग पोट धरून हसले आणि जिन्यातूनच ओरडले, "ताई, तुझा तिरपा राहणार! आणखी ओतून घे!" खाली ताईने डोळे पुसले. मला तर छापखाना ठेंगणा झाला.

त्यानंतर इथे एकही नाटक माझ्यावाचून छापले गेले नाही. रंगमंचावर माझा शब्द कोणी उच्चारत नाही, पण तिथले हसणे, रडणे, दार आपटून जाणे सारे माझ्याच हुकमावर चालते. म्हणून मित्रांनो, माझे खिळे हाताळाल तेव्हा शेपट्या जपा. आणि नाटकाच्या पुस्तकात मी दिसलो, तर घाईने पुढे जाऊ नका. तिथे बोलायचे नसते, करून दाखवायचे असते.