मशीनच्या तोंडातला घास

दसऱ्याच्या सकाळी लखमाने मशीनची पूजा केली.

वाशीमच्या अलीकडचं ते लहान स्टेशन. लाइन एकेरी. मालगाडी असो की पॅसेंजर, ड्रायव्हर मागच्या स्टेशनाहून मुठीत मावेल असा लोखंडी गोळा घेऊन येई. पॉइंट्समन लखमा तो मशीनच्या तोंडात टाकून दांडा फिरवी. गोळा आत पडला की तारेच्या दुसऱ्या टोकाच्या जोडीदार मशीनला लाइन मोकळी झाल्याचं कळे आणि मगच तिकडून पुढची गाडी सुटे.

दरवर्षी तो हळदकुंकवाची बोटं लावून मोकळा होई. या वर्षी लेकीसाठी त्याने जरा जास्त केलं. धनीबाईच्या पोटात मूल आडवं आलं होतं आणि सुईणीने हात टेकले होते. तिची आई भुरीबाई तिला दुपारच्या पॅसेंजरने वाशीमच्या दवाखान्यात नेणार, असा निरोप सकाळच्या गार्डाने दिला होता. गार्डाची गाडी गेल्यावर लखमाने गूळभाताचा घास मशीनच्या तोंडात ठेवला आणि हात जोडले.

"गाड्या तूच आनतं. माह्या पोरीले सुखरूप आन."

दुपारी पॅसेंजरच्या आधी मालगाडी आली. लखमाने तिचा गोळा मशीनमध्ये टाकला. तो अर्ध्यावरच राहिला. दांडा फिरेना.

"काय झालं रे?" दौलतसिंग मास्तरांनी विचारलं.

"गोळा अडून राह्यला, सायेब."

"दसऱ्याची सुट्टी यालेही पायजे वाटते."

लखमा हसला नाही. मास्तरांनी गोळा काढून त्यावर कोरलेलं नाव वाचलं. गोळा याच लाइनीचा होता. मालगाडीचा एखादा डबा मागे तर सुटला नाही ना, हे पाहायला त्यांनी लखमाला शेवटच्या डब्यापर्यंत पिटाळलं. गाडी पूर्ण आली होती. घंटी दाबली, तर तिकडून उत्तराची घंटी आली. म्हणजे तारही शाबूत होती. बॅटऱ्या पाहिल्या, त्याही ठीक. गोळा पुन्हा टाकला. पुन्हा अर्ध्यावर.

मागच्या स्टेशनाचा मास्तर फोनवर तापला होता. "माझ्या मशीनचा काटा जागचा हलत नाही. पॅसेंजर इथं उभी आहे. डब्यात एक बाई अडली आहे, लोक माझ्या अंगावर येताहेत."

मशीन बिघडलं तर कागदी परवान्यावर गाडी सोडता येई. पण त्याला वरच्या ऑफिसची मंजुरी लागे, आणि तो फोन लागत नव्हता. दौलतसिंग चकती फिरवत राहिले.

तेव्हा लखमाला मुंग्या दिसल्या. भिंतीवरून उतरलेली त्यांची रांग मशीनच्या तोंडात शिरत होती.

त्याला सगळं कळलं. मशीनच्या तोंडात काही घातल्याचं कबूल केलं तर नोकरी जाणार, हेही कळलं. मास्तरांनी आणखी एकदा फोन फिरवला, तेवढा वेळ तो गप्प राहिला.

"सायेब, म्या त्याच्या तोंडात गूळभात ठेवला."

"काहून?"

"धनीसाठी."

दौलतसिंगांनी फोन खाली ठेवला. चहाच्या किटलीतल्या गरम पाण्यात फडकं भिजवून त्यांनी तारेच्या एका तुकड्याला गुंडाळलं आणि तोंड आतून खरवडलं. वाळून दगड झालेली शितं, काळा गूळ, मेलेल्या मुंग्या बाहेर आल्या. लखमाने गोळा टाकला. तो खणकन आत गेला, दांडा फिरला, तिकडून घंटी आली.

पॅसेंजर आली तेव्हा उन्हं कलली होती. इंजिन समोरून जाताना ड्रायव्हरने गोळ्याची पिशवी लखमाच्या हातात दिली. तिसऱ्या डब्याच्या दारात भुरीबाई उभी होती. ती रडत नव्हती.

"इथंच उतरवा तिले," ती म्हणाली. "वाशीमले जाऊन आता काय करता?"

"कव्हा?"

"गाडी उभी होती तव्हा. पोरही पोटातच गेलं."

दौलतसिंगांनी हात पुढे केला. "आन तो गोळा. मी टाकतो."

लखमाने दिला नाही. तो स्वतः आत गेला, गोळा मशीनमध्ये टाकला, दांडा फिरवला. कुठंही न अडता गोळा खाली पडला. मग तो लेकीला उतरवून घ्यायला तिसऱ्या डब्याकडे चालू लागला.