दुसरी गोळी कुणालाच नको

आमच्या दुकानात एक रिव्हॉल्वर होतं, ते नऊ वेळा विकलं गेलं. विकलं मी, आणि नऊही वेळा परत घेतलं तेही मीच. त्यात काही खोट आहे असं समजू नका. खोट घेणाऱ्यांत आहे, आणि घेणाऱ्यांत मीही आलो, कारण मधला एक हिवाळा ते माझ्याच घरी होतं.

वायोमिंगच्या या खोऱ्यात मला सगळे ऑरिन म्हणून ओळखतात. जुन्या बंदुकांच्या काउंटरवर बसून तीस वर्षं झाली. बऱ्यावाईट हजारो बंदुका हाताखालून गेल्या, पण या बाबासारखा दुसरा पाहिला नाही. लांबी कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, वजन दोन किलोच्या वर. साध्या रिव्हॉल्वरला बोटाच्या पेराएवढं काडतूस लागतं. याच्या पाच घरांत मात्र रायफलचं पंचेचाळीस-सत्तर जातं, जुने लोक गवे पाडायला वापरायचे तेच. रायफलचं काडतूस हातातल्या रिव्हॉल्वरमध्ये कशाला हवं, असं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. मी फक्त ते त्याच्या हातात देतो. पन्नाशीचा बाप्या असा हसायला लागतो की बघत राहावं. मग आवाज खाली आणून, गंभीरपणे म्हणतो, "अस्वलासाठी बरं पडेल." अहो, कसलं अस्वल! आजवर या रिव्हॉल्वरने एक अस्वल साधं दचकलंसुद्धा नाही.

याच्याबरोबर वीस काडतुसांची एक पेटी जाते. झाकणावर दात विचकणारं अस्वल आहे. नऊ मालक झाले आणि पेटीत अकरा काडतुसं शिल्लक आहेत. म्हणजे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पहिली गोळी सगळ्यांना हवी असते, दुसरी कुणालाच नको. परत आणताना कारणं मात्र एकेकाची ऐकावी. एकाच्या बायकोला पसंत नव्हतं, एकाला ट्रकचे टायर घ्यायचे होते. मी स्वतः दुकानाच्या मालकाला सांगितलं की घरात ठेवायला जागा नाही. माझं घर चार खोल्यांचं आहे! पण हाताला लागलं, मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे काजवे चमकले, असं एकही जण बोलला नाही. आमच्याकडे करवतीने पाय कापला तरी माणूस "जरा खरचटलं" म्हणतो.

ऑगस्टमध्ये वर्ला टटल दुकानात आली. वय सहासष्ट, बांधा काटक, आणि जीभ अशी की समोरच्याने सांभाळून राहावं. दोन वर्षांपूर्वी डोंगरात ओढ्याच्या काठावर तिची घोडी घसरली आणि ही खाली दगडांवर आली. उजव्या खांद्याचा चुरा झाला. आता आत धातूची पट्टी आणि आठ स्क्रू आहेत. डॉक्टरांनी बजावलंय, या खांद्यावर रायफलचा दस्ता पुन्हा टेकवायचा नाही.

"ते दाखव," तिने काचेतून बोट केलं.

"वर्लाबाई, नको. मनगट जाईल."

"मनगट माझं आहे ना? काढ बाहेर."

तिने ते हातात घेतलं, उजवा खांदा हलवून पाहिला, आणि मग अगदी सरळ सांगितलं. त्यांच्या एल्कच्या, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणाच्या, शिकारीच्या तळाचा नियम सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी नेमबाजीच्या मैदानावर यायचं, पन्नास पावलांवर ॲपल पायची पत्र्याची ताटली टांगायची, आणि तीनपैकी तीन गोळ्या तिच्यात घालायच्या. ज्याला जमलं नाही त्याने बंदूक न्यायची नाही, तळावर राहून सगळ्यांसाठी रांधायचं. तळाचा प्रमुख म्हणजे तिचा दीर थेन. तिचा नवरा लोवेल गेल्यापासून सगळं तोच बघतो. गेल्या वर्षी रायफल चालवता येत नाही म्हणून त्याने हिला चुलीशी उभं केलं. हिच्या हातचे बीन्स खाऊन दोन धडधाकट माणसं आडवी झाली, तो भाग वेगळा.

"एक्केचाळीस वर्षं मी त्या डोंगरात जातेय, ऑरिन. या वर्षीही कढई घासत बसले ना, तर परत कधीच जाणार नाही. मी मला ओळखते. घरी खुर्ची धरीन आणि संपले."

रिव्हॉल्वर बांधून दिलं. पेटी मात्र तिने मागे सरकवली.

"ही राहू दे. माझी मी भरते."

तिच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या टोकाला काडतुसं भरायचं यंत्र कायमचं बसवलेलं आहे. "गवे मारायचे तेव्हा या काडतुसात इतका जोर नसायचाच," ती म्हणाली. "जड शिसं, बेताची दारू. गवा मरत होता तर एल्क मरणार नाही? हे पेटीतलं भरलंय ते तुमच्या मिशांसाठी."

दोन आठवड्यांनी ती परत दारात दिसली. मी निमूटपणे परतीचा कागद काढून ठेवला. म्हटलं, टायर की जागा, बघू या हिचं कारण काय ते.

"शिसाच्या गोळ्या संपल्या," ती म्हणाली. "शंभर दे अजून."

मी स्टुलावर बसलो.

रविवारी मैदानावर निम्मं खोरं लोटलं होतं. जुने मालक तर झाडून सगळे हजर होते. आणि माझा शहाणपणा बघा, कुणाला बघायला हवी असेल म्हणून अस्वलाची पेटी मी बरोबर नेली होती. वर्ला टेबलाशी बसली, वाळूच्या पिशवीवर दोन्ही हात टेकले. सगळ्यांनी कान झाकले. पहिली गोळी सुटली, ताटली टणकन उडाली. दुसरी सुटली, पुन्हा तेच. रिव्हॉल्वर तिच्या हातात वर उचलायचं आणि हळूच खाली यायचं, खांद्याला काही पत्ताही नाही.

"थांब, वहिनी!" थेन पुढे आला. एकसष्ट वर्षांचा, दाराएवढा रुंद माणूस. "हा आवाज कसला? फटाका उडवतेयस का तू? या असल्यावर मी कुणाला डोंगरात नेणार नाही. तिसरी खरी घाल." त्याने माझ्या काखेतली पेटी ओढली. "यातली."

"थेन, नियमात असं कुठे आहे?" मी भडकलो. "ताटलीला भोक पडलं की नाही?"

"तू मध्ये पडू नकोस, ऑरिन."

मला असा राग आला म्हणता! पण वर्ला शांत होती. "बरं," ती म्हणाली. "यातली मारते. पण भाऊजी, तुमच्याकडे होतं की हे एक महिना. आधी तुम्ही मारून दाखवा, म्हणजे मला कळेल कसं धरायचं ते."

ती थेनला एरवी अरेतुरे करते. 'भाऊजी' आणि 'तुम्ही' ऐकूनच त्याने सावध व्हायला हवं होतं. पण भोवती तीसेक माणसं उभी. नाही कसं म्हणणार? हा थेन चौथा मालक. त्या वेळी अंगठ्याला पट्टी बांधून आला होता आणि फाटक लागलं म्हणाला होता.

आमच्या मैदानाचा रिवाज असा की पाहुण्याला बंदूक भरून देतो तो तिचा मालक. वर्लाने पाठ वळवून पेटीतलं एक काडतूस उचललं, काडतुसांची चक्री फिरवून बंद केली आणि रिव्हॉल्वर त्याच्या हातात दिलं. थेन उभ्यानेच नेम धरायला गेला. पाय रोवले, छाती काढली, ताटलीकडे असं बघितलं की ताटलीनेच माफी मागावी. आणि चाप ओढला.

खट.

काडतूस नव्हतंच आत. ते वर्लाच्या मुठीत होतं. आणि गोळी सुटली नाही म्हणूनच सगळ्यांना सगळं स्वच्छ दिसलं. नळी वीतभर खाली गेली, पार जमिनीकडे. दोन्ही डोळे गच्च मिटलेले, मान खांद्यांत गेलेली, ओठ मागे ओढून सगळे दात बाहेर आलेले. आणि कान झाकलेले असल्यामुळे धमाका झाला नाही हेच त्याला क्षणभर कळेना. तो तसाच उभा!

अहो, काय हसलो आम्ही! टायरवाला तर गवतावर बसला. हसता हसता तोच म्हणाला, "आई शप्पथ, माझंही अस्संच झालं होतं. तीन दिवस कपाचा कान धरता येत नव्हता." मग एकेकाचं सुरू झालं. एकाच्या कपाळाला नळी येऊन लागली होती. बायकोला पसंत नव्हतं म्हणणारा म्हणाला, बायकोला तर ते फार आवडलं होतं. मीही कबूल केलं. दुखतं, साहेब. भयंकर दुखतं. तीस वर्षांत एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

थेन हसला नाही. त्याने रिव्हॉल्वर टेबलावर ठेवलं, कानांवरचं काढलं. चेहरा लालभडक झाला होता. मला वाटलं, आता हा तिला काहीतरी लागेल असं बोलणार.

"हो, दुखतं," तो म्हणाला. "पण ते जाऊ दे. तू ओढ्यात पडलीस तेव्हा सहा तास मी तिथे बसून होतो, वहिनी. लोकं येईपर्यंत. तू मध्येच बोलायची थांबायचीस, मग मी नाकाशी हात धरून बघायचो. लोवेलला पोचवून आलो, आता तुलाही पोचवायची माझ्यात ताकद नाही. तू चुलीशी असलीस की संध्याकाळी मी खाली येतो आणि धूर दिसतो. बस. ताटली-बिटली सगळं खोटं."

टायरवाला गवतावरून उठून उगाच टोपी झटकू लागला. वर्लाने दिराकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते, मी जवळच होतो, मला दिसलं.

"गाढवा," ती म्हणाली, "एवढं बोलायला तुला दोन वर्षं लागली? आणि एवढी मोठी बंदूक लागली?"

"लागली," थेन म्हणाला.

"मग आता ऐक. मी डोंगरात येणार. तू माझ्याबरोबर चालायचंस. पुढे नाही, मागे नाही, बरोबर. आणि रात्री भीती वाटली तर सांगायचं, मला चुलीशी बांधून ठेवायचं नाही."

थेनने मान हलवली.

"सरक आता. माझी तिसरी राहिलीय."

ती बसली, स्वतःचं काडतूस घातलं, वाळूच्या पिशवीवर हात टेकले. या वेळी ताटली नुसती उडाली नाही, तारेवरून सुटून गवतात पडली. थेन स्वतः चालत गेला, ती उचलून घेऊन आला आणि तीन भोकांतून तीनदा बोट घालून पाहिलं.

"बीन्स भिजत कधी घालायचे असतात, वहिनी?" त्याने विचारलं. "या वर्षी रांधणार मी."